स्नोमोबिलचा १६५ इंची ट्रॅक सपाटीवर अंगावर येतो
वर्षातून एकदा डोंगरात जायचं म्हणून १६५ इंची ट्रॅकची (गाडी ढकलणाऱ्या रबरी पट्ट्याची) माउंटन स्लेडच, म्हणजे डोंगरातल्या खोल बर्फासाठीची स्नोमोबिलच घ्या, हा काहींचा सल्ला पटला नाही. अमेरिकेत मिनेसोटातल्या सपाट, टणक ट्रेलवर तिचे तीन इंची लग (ट्रॅकवरचे रबरी दाते) नुसते वाकतात आणि वळताना गाडी हट्टी होते. १४६ इंची ट्रॅक, लग १.६ ते २ इंच, दोन्हीकडे निभावतं.

स्क्रॅचरचं, म्हणजे ट्रॅकच्या आतल्या रेलना लावलेल्या बर्फ खरवडणाऱ्या तारांचं, कुणीच लिहिलं नाही. बर्फ दगडासारखा कडक असेल तर त्यांच्याशिवाय गारवा देणारा मोकळा भुगा वर उडत नाही. मग रेलखालचे हायफॅक्स (ट्रॅक ज्यांवर घसरतो त्या प्लास्टिकच्या पट्ट्या) वितळतात आणि इंजिनही तापतं. रिव्हर्स घेताना मात्र साधे स्क्रॅचर उचलून अडकवा, नाहीतर वाकलेच समजा. वायोमिंगच्या डोंगरात ८-९ हजार फुटांवर टर्बो नसलेल्या इंजिनाची साधारण पाव ताकद जाते. क्लचची वजनं हलकी बसवली नाहीत तर आरपीएम चढत नाही.