मदत हवी आहे: आठवीला ‘सेट’ शिकवायचं कसं?

सेमीच्या वर्गाला ‘सेट’ हे इंग्रजी क्रियापद शिकवतेय. १९८९च्या ऑक्सफर्ड कोशात या शब्दाचे चारशेहून जास्त अर्थ आहेत. मला सात-आठ पुरेत. आधी यादी पाठ करून घेतली, तर चाचणीत एकाने ‘द कर्ड हॅज सेट’चं ‘दही मावळलं’ केलं! मग आपलं ‘लागणं-लावणं’ शेजारी ठेवलं. दही लागलं, गजर लावला, सापळा लावला... छान जुळलं. पण हाड बसवतात, सूर्य मावळतो. तिथे गाडी अडते. टी-सेटमधलं नाम आणि ‘सेट अप’, ‘सेट ऑफ’ सध्या नकोत. तास दोनच, प्रोजेक्टर नाही. ‘जागच्या जागी बसवणं’ हा एकच अर्थ धरून मुलांना मावळण्यापर्यंत नेता येईल का, की सूर्याचं वाक्य वेगळंच शिकवावं?