मदत हवी आहे: तालुक्याची वकिली सोडून इस्लामी कायद्याच्या अभ्यासात शिरायचंय, सुरुवात कुठून करू?

किनारपट्टी:

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी २७ वर्षांची, रत्नागिरी जिल्ह्यातली कोकणी मुसलमान. एलएलबी करून तीन वर्षं तालुक्याच्या कोर्टात एका सीनियर वकिलांच्या हाताखाली आहे. कामं दिवाणीच जास्त: वाटण्या, वारस नोंदी, बहिणींकडून सह्या घेतलेली हक्कसोडपत्रं.

गेल्या पावसाळ्यात एक प्रकरण आलं. एक बाई वारली, मूलबाळ नाही. मागे नवरा, आई, एक सख्खा भाऊ आणि आईच्या पहिल्या लग्नाचे दोन मुलगे, म्हणजे तिचे आईकडून भाऊ. सीनियरांनी नेहमीचं पाठ्यपुस्तक उघडून हिशोब मांडला. नवऱ्याला निम्मं, आईला सहावा हिस्सा, आईकडच्या दोन भावांना मिळून तिसरा हिस्सा. बेरीज बरोबर एक. सख्खा भाऊ उरलेल्याचा धनी, आणि उरलं काहीच नाही, म्हणून त्याला शून्य. तो बिचारा समोर बसलेला. "वकीलसाहेब, आईकडच्यांना मिळतं आणि आई-बाप दोन्ही एक असलेला मीच कोरडा?" सीनियर म्हणाले, कायदा आहे, आपण काय करणार.

रात्री जेवताना नानांना सांगितलं. नाना तरुणपणी मदरशात शिकलेले, आता डोळे अधू झालेत. ते खो खो हसत सुटले. म्हणाले, "हा तर गाढवाचा मसला!" दुसरे खलिफा हजरत उमर यांच्यापुढे असंच प्रकरण आलं, त्यांनी सख्ख्या भावांना काही दिलं नाही. पुढे पुन्हा तसंच आलं तेव्हा सख्खे भाऊ म्हणाले, "आमचा बाप गाढव होता असं धरून चाला. आई तर एकच ना आमची?" उमरनी मान्य केलं आणि तो तिसरा हिस्सा सगळ्या भावांत सारखा वाटला. हनफी मजहबाने (मजहब म्हणजे इस्लामी कायद्याची परंपरा) पहिला निकाल धरला, मालिकी आणि शाफिईंनी दुसरा. आणि आम्ही कोकणी पिढ्यानपिढ्या शाफिई! म्हणजे त्या माणसाला नववा हिस्सा मिळायला हवा होता. सीनियरांचं पुस्तक मुख्यतः हनफी.

दुसऱ्या दिवशी हे ऑफिसात सांगितलं तर प्रश्न आला, "दाखला कुठाय?" नानांचं पुस्तक अरबीत. मी लहानपणी मक्तबात कुराण नाझरा पूर्ण केलंय, त्यामुळे अक्षर न् अक्षर वाचता येतं. अर्थ मात्र कळत नाही. पुस्तक हातात, उत्तर त्यात, आणि मी नुसती वाचतेय. त्या दिवशी स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नव्हती.

प्रकरण घरातल्या घरात तडजोडीने मिटलं. मी काही त्यातून बाहेर आले नाही. मला हे नीट शिकायचंय. कुराणातल्या तीन-चार आयतींमधून एवढी वाटणी कशी उभी राहिली, दोन मजहब एकाच मजकुरावरून दोन टोकांना कसे गेले, आणि इंग्रजांच्या कोर्टाने त्यातलं काय उचललं, काय टाकलं. मला फतवे द्यायचे नाहीत, संशोधन करायचंय, शिकवायचंय.

आता अडचणी. एलएलएम करू, अरबीत एमए करू, इस्लामिक स्टडीजला जाऊ की आधी आलिमा कोर्स (मदरशातलं मुलींचं धर्मशिक्षण)? २७व्या वर्षी अरबी येईल का, किती वर्षं जातील? स्कॉलरशिप काय आहेत? आणि शेवटी नोकरी मिळते का? अम्मीचा प्रश्न वेगळाच आहे (लग्नाचा, ओळखलंत). अब्बा म्हणतात, "आलिमा हो, मी स्वतः सोडायला येईन. पण युनिव्हर्सिटीत कुराणाची चिरफाड करायला पाठवणार नाही." ते वाईट माणूस नाहीत, घाबरलेत.

तिखट_मिरची:

समान नागरी कायदा आला की हे सगळं रद्दीत. कशाला आयुष्याची दहा वर्षं घालवताय? न्यायाधीशाच्या परीक्षेला बसा.

जुना_काळा_कोट:

मिरचीबाई, हिंदू कायदा १९५५-५६मध्ये संहितेत बसवला गेला. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड पां. वा. काणे १९३० ते १९६२ लिहीतच होते, आणि १९६३ला त्यांना भारतरत्न मिळालं. कायदा बदलल्यामुळे ते खंड कोणी रद्दीत घातल्याचं ऐकलं नाही. किनारपट्टी, काणेही तुमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले आणि पेशाने वकील, हे लक्षात असू द्या.

दुसरं नाव असफ फैजींचं. १८९९ला माथेरानला जन्म, मुंबईत हायकोर्टात वकिली, पुढे गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य. मुस्लिम कायद्यावरचं त्यांचं पुस्तक १९४९चं, आम्ही त्यावरच वाढलो. फातिमी काळातला कायद्याचा अरबी ग्रंथ त्यांनी हस्तलिखितांवरून संपादित केला. त्यांचा इस्माईली हस्तलिखितांचा संग्रह मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. वकिलाने अरबी शिकून काय करता येतं, त्याचा हा नमुना.

आणि तुमच्या सीनियरांना सांगा, मजहब कोणता हे कोर्टापुढे मांडता येतं, आणि ही काही नवी गोष्ट नाही. १८६४चा मुंबई हायकोर्टाचा निकाल आहे, मुहम्मद इब्राहिम विरुद्ध गुलाम अहमद. शाफिईत वलीशिवाय (वडील किंवा पालकाशिवाय) मुलीचा निकाह होत नाही, हनफीत सज्ञान मुलीला स्वतः करता येतो. शाफिई घरातली सज्ञान मुलगी हनफी झाली आणि वडिलांच्या संमतीवाचून लग्न केलं, कोर्टाने ते वैध धरलं. (हे अम्मींना वाचून दाखवू नका.)

बाय द वे, शेतजमीन असेल तर १९३७च्या शरियत कायद्याचं कलम २ आधी वाचा. त्यात शेतजमीन वगळलेली आहे. अर्धे वकील हे विसरतात.

रात्रपाळी:

मी युरोपात याच विषयात पीएचडी केली, आता शिकवते. कडू आधी सांगते: पोस्ट फार कमी आहेत. आपल्याकडे पीएचडी होऊनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं खेपा घालणारे लोक मी पाहिलेत. म्हणून माझं मत: एलएलएम करा आणि नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) 'लॉ' विषयातून द्या, पीएचडीचा विषय मात्र इस्लामी कायदा ठेवा. लॉ कॉलेजचं दार उघडं राहतं. नेटला 'अरब कल्चर अँड इस्लामिक स्टडीज' आणि 'अरेबिक' हेही विषय आहेत, पण त्या जागा मोजक्या विद्यापीठांत, म्हणजे अलीगढ, दिल्लीची जामिया, हैदराबाद वगैरे. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर महिना ३७,००० सुटतात. मौलाना आझाद फेलोशिप २०२२मध्ये बंद झाली, जुने ब्लॉग वाचून तिच्या भरवशावर राहू नका.

अमेरिकेत पीएचडीला प्रवेश मिळाला तर बहुधा फी माफ आणि वर स्टायपेंड, पण तुमची अरबी आधीच चांगली असावी अशी त्यांची अपेक्षा असते, शिवाय फ्रेंच किंवा जर्मन वाचता यायला लागते. ब्रिटनमधलं एमए एका वर्षात होतं आणि खिसा फाडतं. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नगण्य.

अरबीबद्दल. रोज दीड-दोन तास दिलेत तर दोन वर्षांत कोशाच्या मदतीने फिक्हचा, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राचा, सोपा मजकूर सुटायला लागतो. तुमचं अर्धं काम मक्तबात झालेलं आहे, उच्चार आणि लिपी. अरबी शब्द तीन अक्षरी धातूवर उभा असतो आणि कोशही धातूनुसार लावलेले असतात. कातिब, किताब, मक्तब, मकतूब हे सगळे क-त-ब खाली सापडतील. शाळेत संस्कृतचे धातू घोकले असतील तर हे ओळखीचं वाटेल. सर्फ आणि नह्व, म्हणजे शब्दाची घडण आणि वाक्याचं व्याकरण, मदरशातल्या माणसाकडूनच शिका. माझ्या प्राध्यापकांपेक्षा माझं व्याकरण एका निवृत्त मौलानांनी पक्कं केलं.

'चिरफाड'बद्दल. आलिम विचारतो, मी काय करावं? संशोधक विचारतो, हा नियम कधी, कुठे, कोणत्या वादातून तयार झाला? याच प्रश्नावर जोसेफ शाख्ट यांनी १९५०मध्ये खळबळ उडवली. कायद्याविषयीच्या बऱ्याच हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी) नंतरच्या काळात मागे नेऊन जोडल्या गेल्या, असं त्यांचं म्हणणं होतं. नंतरच्या अभ्यासकांनी त्यांना जोरदार उत्तरं दिली, तो वाद अजून चालूच आहे. तुमचा गाढवाचा मसला त्याच वादाच्या मधोमध बसतो, कारण तो उमरांच्या नावावर सांगितला जातो. वडिलांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. कैरोच्या नस्र अबू झैद यांना कुराणाच्या अर्थावरच्या लिखाणापायी १९९५मध्ये कोर्टाने धर्मबाह्य ठरवून त्यांचं लग्नच रद्द केलं. ते बायकोसह नेदरलँड्सला गेले, लायडनला शिकवत राहिले. असं सगळ्यांचं होत नाही. पण होतच नाही असंही नाही.

पायवाट:

अस्सलामु अलैकुम बहन. मी मदरशातून आलिम झालो, मग विद्यापीठात एमए केलं. काही विद्यापीठं मदरशाची सनद प्रवेशाला धरतात, त्या वाटेने गेलो. मराठी माझी थोडी कच्ची आहे, माफी.

पहिली गोष्ट. आलिमा कोर्स कुठला करता हे बघा. उत्तरेकडचे बहुतेक मदरसे दर्से निझामी हा ठरलेला अभ्यासक्रम शिकवतात, फिक्ह सगळं हनफी. तिथे पाच वर्षं घालवाल आणि तुमचा शाफिई प्रश्न तिथेच राहील. शाफिई शिकवणं कोकणात आहे, भटकळला आहे, आणि सगळ्यात जास्त केरळात. तिथे 'फतहुल मुईन' शिकवतात. तो १६व्या शतकात मलबारच्या झैनुद्दीन मखदूम यांनी लिहिला आणि इंडोनेशियापर्यंत मदरशांत पोचला. हिंदी महासागराचा बराचसा किनारा शाफिई आहे बहन: येमेन, पूर्व आफ्रिका, मलबार, कोकण, जावा. तुमचे पूर्वज जहाजवाल्यांचे शेजारी, म्हणून तुम्ही शाफिई. संशोधनाला याच्यापेक्षा मोठा विषय कोणता पाहिजे?

दुसरी. तुमच्या वकील साहेबांना दाखला पाहिजे ना? इमाम नववी यांचा 'मिन्हाज' बघा, १३व्या शतकातला, शाफिईंचा आधारग्रंथ. फराइजच्या, म्हणजे वारसांच्या हिश्शांच्या, प्रकरणात हा मसला दीड-दोन ओळींत आहे: नवरा, आई, आईकडची दोन मुलं आणि सख्खा भाऊ, तर सख्खा भाऊ त्या तिसऱ्या हिश्श्यात सामील. डच लोकांना जावात राज्य करायचं होतं म्हणून फान डेन बेर्ग यांनी त्याचं फ्रेंच केलं, त्या फ्रेंचवरून १९१४ला इंग्रजी झालं. दोनदा ओतलेलं पाणी आहे, पण कोर्टात चालेल. अब्बांनाही दाखवा. विद्यापीठात हेच वाचतात. कुराणाला हात लावण्याआधी लोक तिथेही वुजू करतात (हात-तोंड-पाय धुतात), निदान मी तरी करायचो.

आणि माहीमला जाता की नाही? उरुसाला जाणाऱ्या कितीजणांना माहीत असतं की मखदूम अली माहिमींनी (१३७२–१४३१) अख्ख्या कुराणाची अरबी तफसीर, म्हणजे भाष्य, लिहिली? प्रत्येक सूरहच्या बिस्मिल्लाहचा अर्थ ते त्या सूरहच्या विषयाला धरून वेगळा लावतात. ते स्वतः शाफिई फकीह, म्हणजे कायदेपंडित. लंडनला जायच्या आधी माहीम वाचा.

तिखट_मिरची:

ठीक आहे, मी शब्द मागे घेते. ते गाढवाचं प्रकरण फारच भारी आहे. पण अशा वेळी सख्खी बहीण असती तर?

पायवाट:

तीही भावासोबत सामील, आणि त्या तिसऱ्या हिश्श्यात भाऊ-बहीण सगळे सारखे. तिथे मुलाला दुप्पट नाही.

किनारपट्टी:

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण 'मिन्हाज'चं ते इंग्रजी भाषांतर शोधत होते. सापडलं. पान छापून सीनियरांच्या टेबलावर ठेवलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले, मग म्हणाले, "आधी का नाही आणलंस?" अहो, आधी माहीत असतं तर!

नानांकडे तेच अरबी पान उघडलं. त्यांना दिसत नाही म्हणून मी वाचते आणि ते अर्थ सांगतात, रोज फज्रच्या (पहाटेच्या) नमाजनंतर अर्धा तास. पहिल्या दिवशी चार शब्द झाले. रात्रपाळीताई, एलएलएमचा तुमचा सल्ला पटलाय, यंदाच अर्ज करतेय. पुढचं अरबीची गाडी किती सरकते त्यावर. अब्बा अजून 'हो' म्हणाले नाहीत, पण काल खुर्ची ओढून बाजूला येऊन बसले होते. ऐकत होते.

एकच विचारायचंय. धातूवार लावलेला अरबी–इंग्रजी कोश, हान्स वेअरचा, सेकंड हँड कुठे मिळेल? नवा परवडत नाही.

पायवाट:

मुहम्मद अली रोडला, भेंडी बाजाराच्या बाजूच्या किताबवाल्यांकडे विचारा. जुमा (शुक्रवार) सोडून जा, त्या दिवशी दुपारी दुकानं बंद मिळतात. आणि बारीक छापाची छोटी आवृत्ती घेऊ नका, नानांसारखे डोळे होतील.