नवीन संगणकावर ऑटोकरेक्टच्या नोंदी आणि टंकनाची लघुरूपं कशी न्यायची?

अहवालवाली

डॉक्टरांनी बोलून ठेवलेले तपासणी-अहवाल ऐकून टाइप करणं हे माझं काम. तेच ते शब्द दिवसभर येतात, त्यामुळे वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये माझी स्वतःची लघुलिपीच तयार झाली आहे. 'उरदा' लिहून स्पेस दिली की 'उच्च रक्तदाब', 'हृझ' लिहिलं की 'हृदयविकाराचा झटका', 'रुभान' लिहिलं की 'रुग्ण पूर्ण भानावर असून विचारलेल्या प्रश्नांची नीट उत्तरे देत आहे'. इंग्रजी अहवालांसाठी वेगळी लघुरूपं आहेत. काही नोंदी म्हणजे अख्खा परिच्छेद, ठळक शीर्षकासकट.

आता काम नव्या संगणकावर हलवायचं आहे. दोन्हीकडे विंडोज आणि वर्डच आहे. ऑर्गनायझर उघडून पाहिला, पण त्यात स्टाइल आणि मॅक्रो एवढंच दिसतं. नव्या संगणकावर मी काही इंग्रजी नोंदी आधीच घातल्या आहेत, त्याही राहायला हव्यात. ही लघुरूपं बोटांत बसली आहेत. ती नसली की विचार बोलणाऱ्याच्या मागे राहतो आणि ऐकण्यातलं लक्ष उडतं. सगळं पुन्हा हाताने भरण्यावाचून काही मार्ग आहे का?

पानोपान

आहे, आणि सोपा आहे. रन खिडकीत 'अ‍ॅपडेटा' हा शब्द इंग्रजी अक्षरांत, दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावून टाका. जो फोल्डर उघडेल त्यात मायक्रोसॉफ्ट आणि त्याच्या आत ऑफिस. तिथे 'एमएसओ१०३३.एसीएल' अशा नावाची फाइल असते. ती नव्या संगणकावर त्याच जागी ठेवा. झालं.

खुणेचा दोरा

पानोपान यांनी जागा बरोबर सांगितली आहे, पण अहवालवालीताई, तेवढी एकच फाइल नेलीत तर 'उरदा' येणार नाही. नव्या संगणकावर आधी घातलेल्या इंग्रजी नोंदीही पुसल्या जातील. थोडं सविस्तर सांगतो, कारण ही यादी म्हणजे तुमच्या कामाचा अर्क आहे आणि ती अर्धवट पोचू नये.

वर्ड प्रत्येक भाषेची यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवतं. फाइलच्या नावातला आकडा हा भाषेचा क्रमांक असतो: १०३३ म्हणजे अमेरिकी इंग्रजी, २०५७ ब्रिटिश, १६३९३ भारतीय इंग्रजी, १०८१ हिंदी आणि ११०२ मराठी. टाइप करताना कर्सर ज्या भाषेत असतो त्या भाषेच्या यादीत नोंद जाते. ऑटोकरेक्टची खिडकी उघडलीत की वरच्या पट्टीवर भाषेचं नाव दिसेल, ते आधी पाहा. इंग्रजी नोंदीसुद्धा दोन फाइलींत विखुरलेल्या असू शकतात, म्हणून त्या फोल्डरमधल्या सगळ्या एसीएल फाइलींच्या प्रती बाजूला काढून ठेवा.

दुसरं, ठळक शीर्षकाचे परिच्छेद या फाइलींत नसतातच. साध्या नोंदीला २५५ अक्षरांची मर्यादा असते. त्याहून मोठा किंवा सजावटीसकट ठेवलेला मजकूर 'नॉर्मल' टेम्प्लेटमध्ये, म्हणजे वर्डच्या कोऱ्या दस्तऐवजाच्या साच्यात जातो. ती नॉर्मल.डॉटएम ही फाइल, मायक्रोसॉफ्ट फोल्डरच्याच आत टेम्प्लेट्समध्ये. साध्या नोंदी एक्सेल, पॉवरपॉइंट, आउटलुकमध्येही चालतात, सजावटीच्या फक्त वर्डमध्ये. तुमचा एखादा परिच्छेद आउटलुकमध्ये उमटत नसेल तर कारण हेच.

आता तुमची खरी अडचण. एसीएल फाइली एकमेकींत मिसळता येत नाहीत, जुनी ठेवली की नवी गेली. नॉर्मल टेम्प्लेट बदललं तर नव्या संगणकावरच्या स्टाइल आणि मॅक्रोही बदलतात. नवा संगणक कोरा असता तर मी फाइली उचलूनच न्या म्हटलं असतं (आउटलुकसकट सगळं ऑफिस बंद करून, कारण यादी बंद होताना लिहिली जाते). तुमच्या बाबतीत मॅक्रो (वर्डकडून ओळीने कामं करून घेणारी छोटी आज्ञावली) बरा.

वर्डच्या मॅक्रोमधून 'ऑटोकरेक्ट'च्या 'एंट्रीज' या संग्रहातली एकेक नोंद वाचता येते. जुन्या संगणकावर कोऱ्या दस्तऐवजात तीन रकान्यांचं कोष्टक करायचं: लघुरूप, पूर्ण मजकूर, आणि नोंद सजावटीची आहे की साधी. साध्या नोंदीची 'व्हॅल्यू' दुसऱ्या रकान्यात लिहायची. 'रिचटेक्स्ट' खरं असेल, म्हणजे नोंद सजावटीची असेल, तिथे 'अ‍ॅप्लाय' वापरून मजकूर सजावटीसकट कोष्टकात उतरवायचा. नव्या संगणकावर उलट प्रवास: साध्या ओळींना 'अ‍ॅड', सजावटीच्या ओळींना 'अ‍ॅड-रिचटेक्स्ट'. आधीच्या नोंदी जागेवर राहतात. एकच लघुरूप दोन्हीकडे असेल तर तेवढं नव्याने लिहिलं जातं. कर्सर मराठी मजकुरात ठेवून एकदा आणि इंग्रजीत ठेवून एकदा, असं दोनदा चालवा.

कोष्टकाच्या प्रत्येक चौकटीच्या शेवटी वर्डची अदृश्य खूण असते, वाचताना शेवटची दोन चिन्हं कापायला मॅक्रोला सांगा. नाहीतर प्रत्येक 'उच्च रक्तदाब'नंतर कचरा उमटेल.

आणि हे कोष्टक काम झाल्यावर टाकून देऊ नका. फाइलींपेक्षा मला ते जास्त मोलाचं वाटतं. ते डोळ्यांनी वाचता येतं, आडनिडी लघुरूपं सापडतात, सहकाऱ्याला देता येतं. कोणी 'मधु' हे मधुमेहाचं लघुरूप केलं असेल तर त्या नावाच्या रुग्णाचं काय होईल ते कोष्टकात लगेच दिसतं. वैद्यकीय अहवालात ही गोष्ट क्षुल्लक नाही.

अहवालवाली

मनापासून आभार! मराठी आणि इंग्रजी दोन्ही याद्या आल्या, परिच्छेद ठळक शीर्षकासह आले. आधीच्या नोंदीही शाबूत आहेत. कोष्टक वाचताना एकाच आजाराची दोन-दोन लघुरूपं सापडली, ती आता एक करते आहे. एक प्रश्न राहिला. स्पेलचेकला 'शिकवलेले' औषधांचे शब्द मात्र नव्या संगणकावर लाल रेघेनेच येतात. तेही कोष्टकातून येतील का?

खुणेचा दोरा

नाही, तो शब्दसंग्रह वेगळा. मायक्रोसॉफ्ट फोल्डरमध्येच 'यूप्रूफ' नावाचा फोल्डर आहे, त्यात कस्टम.डिक. ती साधी मजकूर फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते, एका ओळीत एक शब्द. ऑफिस बंद करून जुन्या ओळी नव्या फाइलमध्ये चिकटवा. जतन करताना एन्कोडिंग बदलू नका.

रात्रपाळी

कोणी लिब्रेऑफिसवर असेल तर: तिथे यादी वापरकर्त्याच्या प्रोफाइलमधल्या 'ऑटोकॉर' फोल्डरमध्ये असते, भाषेच्या नावाची डॅट फाइल. ती खरं तर झिप असते. उघडलीत तर आत एक्सएमएलमध्ये लघुरूप आणि मजकूर जोडीने दिसतात.

ज्यांना लघुरूपं ब्राउझरमध्येही हवी आहेत त्यांनी ऑटोहॉटकी किंवा एस्पान्सो ही वर्डबाहेरही लघुरूपं उलगडणारी साधनं पाहावीत. दोन्हींत यादी म्हणजे साधी मजकूर फाइल, त्यामुळे ती नुसती कॉपी केली की काम झालं. एस्पान्सो विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. ऑटोहॉटकीची जुनी १.१ आवृत्ती असेल तर फाइल यूटीएफ-८ मध्ये, बीओएमसह (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) जतन करा, नाहीतर देवनागरीच्या जागी भलतीच अक्षरं उमटतात. दुसऱ्या आवृत्तीत ती गरज राहिली नाही.