शिकारीचा स्कोप: स्वस्त घ्यावा की महाग?

प्रश्न
माझ्याकडे .३०८ बोअरची परवान्याची रायफल आहे. माझी शिकार बहुतेक वेळा दीडशे मीटरच्या आत, झाडीच्या कडेला आणि दिवस मावळताना होते. दोन स्कोप (रायफलवर बसवायच्या दुर्बिणी) डोळ्यांसमोर आहेत: एक ४-१६×५० (४ ते १६ पट मोठेपणा, पुढचे भिंग ५० मिलिमीटरचे) असा स्वस्तातला, तर दुसरा ३-९×४०, ज्याची किंमत पहिल्याच्या चौपट आहे. कमी ताकदीच्या स्कोपसाठी इतके पैसे मोजण्यात खरोखर अर्थ आहे का? की फरक केवळ माहितीपत्रकापुरताच असतो?

पहिले उत्तर
दीडशे मीटर आणि मावळतीची वेळ, या दोन गोष्टी आपण सांगितल्यात आणि माझ्या मते निम्मे उत्तर त्यातच आले. पुढच्या भिंगाच्या व्यासाला मोठेपणाच्या आकड्याने भागले, की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. १६ पटीवर ५० मिलिमीटरचे भिंग जेमतेम ३.१ मिलिमीटरचा झोत देते. ४० चे भिंग ६ पटीवर ६.७ मिलिमीटरचा देते. अंधारात तरुण माणसाची बाहुली ७ मिलिमीटरच्या आसपास उघडते, वयानुसार त्याहून कमी. म्हणजे ज्या १६ पटीसाठी आपण पैसे मोजणार, ती संध्याकाळी उपयोगाचीच नाही.

दुसरी बाब भिंगांवरील लेपाची. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो आणि स्कोपमध्ये असे दहाहून अधिक पृष्ठभाग असतात, त्यामुळे एक तृतीयांश प्रकाश वाटेतच संपू शकतो. चांगल्या बहुस्तरीय लेपाने हीच गळती प्रत्येक पृष्ठभागामागे अर्ध्या टक्क्याच्याही खाली येते. परतलेला प्रकाश आत भरकटून चित्रावर दुधाळ पडदा धरतो, हे मला अधिक त्रासदायक वाटते. एकदा सूर्य समोर कलला असताना शेताच्या बांधावरचे रानडुक्कर मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. स्कोपमधून मात्र त्याचा खांदा आणि मागचे झुडूप एकजीव झाले होते. मी रायफल खाली ठेवली. सावजाचा खांदा नेमका कुठे आहे हे दिसत नसेल, तर गोळी झाडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरे उत्तर
काचेबद्दलचे म्हणणे मान्य आहे, पण झिरो, म्हणजे नेम धरू तिथेच गोळी लागावी अशी जुळवणी, टिकतो की नाही हे मी आधी पाहीन. कागदावर तीन गोळ्या (एक गट) झाडाव्यात, मग नेम सरकवणाऱ्या चकत्या वर २० क्लिक (चकतीचे टप्पे), उजवीकडे २०, खाली २०, डावीकडे २० असे फिरवून प्रत्येक कोपऱ्यावर पुन्हा झाडाव्यात. पाव एमओएचा (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १०० मीटरवर साधारण ७ मिलिमीटर सरकवतो, त्यामुळे सुमारे साडेचौदा सेंटिमीटर बाजूचा चौकोन पूर्ण होऊन शेवटचा गट पहिल्यावरच बसायला हवा. माझ्या एका स्वस्त स्कोपचा शेवटचा गट सहा सेंटिमीटर दूर पडला होता आणि क्लिक फिरवताना मऊ मातीत बोट रुतावे तसे लागत होते. मात्र स्कोपला दोष देण्यापूर्वी स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगांचे आणि माउंटचे स्क्रू टॉर्क-स्क्रूड्रायव्हरने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या) तपासावेत, कारण सैल स्क्रूचे खापर पुष्कळदा स्कोपवर फुटते. माउंटवर काटकसर करू नये.

प्रश्नकर्ता
दोघांचे आभार. ३-९×४० मध्ये पॅरलॅक्स (डोळा बाजूला सरकला की नेमाची खूण लक्ष्यावरून हललेली दिसणे) घालवण्याची वेगळी चकती नाही; त्याने अडचण येईल का?

तिसरे उत्तर
नाही. स्कोप १०० मीटरसाठी जुळवलेला असेल, तर १५० मीटरवर डोळा अगदी कडेला गेला तरी ४० च्या भिंगात चूक साधारण एक सेंटिमीटरच होते.

मी मात्र आपल्याला तिसरा पर्याय सुचवेन: चांगल्या काचेचा, स्थिर मोठेपणाचा ६×४२. झूमची यंत्रणा नसल्याने भिंगे कमी लागतात, झोत बरोबर ७ मिलिमीटरचा मिळतो आणि त्याच दर्जाच्या झूम स्कोपपेक्षा तो बहुधा स्वस्त पडतो. उरलेल्या पैशांतून हातातली दुर्बीण घ्यावी, कारण प्राणी ओळखण्यासाठी स्कोप वापरला की रायफलची नळीही त्याच दिशेला वळते आणि तिथे माणूस असू शकतो. निवड करताना दोन्ही स्कोप दिवस मावळल्यावर उघड्यावर, एकाच पटीवर, जाड कोट घालून डोळ्याला लावून पाहावेत. दुकानातल्या दिव्यांखाली सगळेच स्कोप चांगले दिसतात.