मदत हवी आहे: मुलांच्या जेलवर बँडच येत नाहीत

खोडरबर
एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल घेतेय. प्लाझ्मिड (बॅक्टेरियातला छोटा गोल डीएनए) काढायचं आणि जेलवर चालवायचं, म्हणजे विजेने जेलमधून सरकवून त्याचे पट्टे (बँड) बघायचे, एवढंच. माझं सॅम्पल झकास चालतं, मुलांच्या लेन (जेलवरच्या सॅम्पलच्या रांगा) कोऱ्या. प्रोटोकॉल तोच, जेल तोच, टँक तोच. परवा दुसरी बॅच आहे. जाणकारांनी लवकर सांगावं. "नेटवर शोधा" म्हणू नये, शोधून झालंय.

निळी_शाई
लॅडर (माहीत असलेल्या लांबीच्या डीएनएचा तुलनेचा नमुना) दिसतो का? जेल किती टक्के, बफर कुठलं, व्होल्टेज किती, सॅम्पलमध्ये मिसळलेला रंग, म्हणजे लोडिंग डाय, कुठपर्यंत गेला? आणि डीएनए काढला कसा?

खोडरबर
लॅडर दिसतो, नसता तर लिहिलं नसतं का! १%, टीएई, ८० व्होल्ट, डाय पाऊण जेलपर्यंत. डीएनए नेहमीसारखाच काढला.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
इलेक्ट्रोड उलटे लावलेत. डीएनए ऋणभारित, लाल टोकाकडे पळतो. दरवर्षी कुणीतरी काळ्याकडे पळवतंच.

निळी_शाई
काका, लॅडर त्याच जेलमध्ये सरळ चाललाय. तो एकटाच कसा सरळ जाईल?

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
मग पिपेट. हल्लीची मुलं पिपेटचं बटण पहिल्याऐवजी दुसऱ्या स्टॉपपर्यंत दाबून द्रव ओढतात. पहिला आठवडा जेलला हातच लावू देऊ नये. तराजू, पाणी आणि पिपेट द्या. १०० मायक्रोलिटर पाणी साधारण १०० मिलिग्रॅम भरलं पाहिजे. भरेपर्यंत घरी सोडायचं नाही. आमच्याकडे असंच शिकवायचे.

गुळवेल
दुसऱ्या स्टॉपने ओढलं तर द्रव जास्त येतो. मग बँड जाड यायला हवा, गायब कसा होईल? बाकी तराजूची कल्पना चांगली आहे. ताई, जेलवर डीएनए दिसावा म्हणून तुम्ही एथिडियम ब्रोमाइड वापरता का? विद्यार्थ्यांच्या हाती ते देऊच नये, म्युटाजेन आहे, डीएनएत बिघाड करतं. निळ्या प्रकाशात दिसणारे डाय घ्या, यूव्हीची भानगडच नको.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
हातमोजे घालायला शिकवा म्हणजे झालं. उद्या फिनॉलही बंद कराल.

गुळवेल
करावंच! पण तो वेगळा धागा होईल.

काचपट्टी
अवांतर: १०० एक्स लेन्सवरचं तेल मुलं तसंच सोडून जातात. लेन्स पेपरनेच पुसायचं, रुमालाने नाही. आणि तेल लागलेली लेन्स फिरवताना ४० एक्सला तेल लागू देऊ नका.

खोडरबर
मायक्रोस्कोपचा विषय कुठून आला? सॅम्पलमध्ये डीएनए आहे, नॅनोड्रॉपवर (प्रकाश किती शोषला जातो त्यावरून मोजणारं यंत्र) मोजलाय. २६० आणि २८० नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर सगळ्यांचं १.८ च्या आसपास. म्हणजे शुद्धही आहे. तरी लेन कोरी.

निळी_शाई
त्या गुणोत्तरावरून मुख्यतः प्रोटीन कळतं, इथेनॉल नाही. आता एकच सांगा: सॅम्पल वेलमध्ये (जेलमधल्या खाचेत) सोडलं की तळाला बसतं की वर येतं?

खोडरबर
बऱ्याच जणांचं निळं धुरासारखं वर येतं. हात थरथरतात त्यांचे.

निळी_शाई
हात सगळ्यांचेच कसे थरथरतील? किटमधला स्पिन कॉलम (डीएनए धरून ठेवणारी, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची छोटी गाळणी) वापरताय ना? वॉश बफरमध्ये इथेनॉल असतं. ते इल्यूशनमध्ये, म्हणजे कॉलममधून शेवटी काढलेल्या डीएनएत, उतरलं की लोडिंग डायमधलं ग्लिसरॉल असूनही सॅम्पल हलकं होऊन तरंगतं आणि टँकमध्ये निघून जातं. वॉशनंतर खालचं द्रव टाकून रिकामा कॉलम पुन्हा १–२ मिनिटं फिरवतात का?

खोडरबर
मी फिरवतेच. हँडआउटमध्ये नाही लिहिलंय. इतकं काय लिहायचं, कळतंच.

निळी_शाई
मुलं हँडआउट बघूनच काम करतात, ताई. तिथे लिहा. फिरवून झाल्यावर कॉलम नव्या ट्यूबमध्ये ठेवायचा, त्याचं टोक जुन्या द्रवाला लागू द्यायचं नाही. आत्ताची सॅम्पल फेकू नका. डाय घालण्याआधी झाकण उघडं ठेवून ५०–६० अंशांवर काही मिनिटं गरम करा, इथेनॉल उडून जाईल.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
अल्कलाइन लायसिस (अल्कलीने पेशी फोडून डीएनए काढणं) हाताने करायला लावा, किटचं खूळच नको. पोटॅशियम ॲसिटेट घातल्यावर तो पांढरा साका डोळ्यांनी बघितला की मुलांना समजतं काय चाललंय. कॉलममध्ये काय दिसतं?

गुळवेल
इथे काकांशी सहमत. पण परवाच्या बॅचमध्ये नको.

खोडरबर
जुनी सॅम्पल गरम करून पुन्हा चालवली. बसली तळाला, बँड आले. हँडआउटमध्ये ओळ घातली. आता एका गटाच्या लेनमध्ये बँडसोबत खाली, डायच्याही पुढे, धूसर ढग आहे. हे काय नवीन?

निळी_शाई
आरएनए. पेशी मिसळायच्या पहिल्या बफरमध्ये (रिसस्पेन्शन बफर) आरएनए तोडणारं एन्झाइम, आरएनेज, घातलं होतं का?

खोडरबर
बाटलीवर टिक करायची चौकट आहे, ती कोरी दिसतेय. किट कोणी उघडलं ते बघते.