प्रोफाइलमधलं फोल्डर चुकीच्या ड्राइव्हवर गेलं: पत्ता दुरुस्त करावा की नवं खातं उघडावं?

कळफलक
सी ड्राइव्ह भरत आला की पहिला सल्ला मिळतो, ‘डॉक्युमेंट्स डीवर हलवा’. सल्ला बरोबरच आहे. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह. गडबड होते ती नवी जागा निवडताना. आधी डीमध्ये वेगळं फोल्डर करायचं राहतं आणि थेट डी ड्राइव्हच निवडला जातो. मग अख्खा डी म्हणजेच डॉक्युमेंट्स! त्यातले फोटो, इन्स्टॉलर, जुने बॅकअप, सगळं त्यात आलं. अशा वेळी ‘रिस्टोअर डिफॉल्ट’ दाबलं तर जुन्या जागेतल्या फाइली नव्या जागी नेऊ का, असं विंडोज विचारते. ‘हो’ म्हटलं की डीवरचा सगळा पसारा आधीच भरलेल्या सीकडे निघतो, किंवा ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ म्हणून मध्येच अडतो.

यावर हल्ली सरसकट सांगितलं जातं, नवं युजर खातं उघडा आणि जुनं पुसून टाका. मला हा सल्ला पटत नाही. बिघाड एका पत्त्यात आहे आणि तो पत्ता रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, एका ओळीत लिहिलेला असतो: एच-की करंट युजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर आणि शेवटी युजर शेल फोल्डर्स. तिथे डॉक्युमेंट्सची नोंद ‘पर्सनल’ या नावाने सापडते. ती बदलायची, साइन आउट करून परत यायचं, मग आपल्या फाइली हाताने जागेवर न्यायच्या. ओळ चुकली म्हणून अख्खी वही कशाला फाडायची?

नवीपाटी
असहमत. तुम्हाला रजिस्ट्रीची सवय आहे, म्हणून ते सोपं वाटतं. मदत मागणाऱ्याला नसते. तिथे अनडू नाही, सेव्हचं बटण नाही, बदल केला की तो लागू. शेजारीच ‘शेल फोल्डर्स’ नावाची जवळपास तशीच दुसरी की (रजिस्ट्रीतला कप्पा) असते आणि घाईत लोक तीच बदलतात.

शिवाय प्रत्यक्षात एकच पत्ता चुकलेला क्वचितच असतो. डॉक्युमेंट्स डीवर, डाउनलोड्सही त्याच डीवर, डेस्कटॉप वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात. दोन फोल्डर एकाच पत्त्यावर आली की कुठली फाइल कोणाची, हे विंडोजलाही सांगता येत नाही. तुम्ही एक नोंद सुधारता, वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर तो फोल्डर पुन्हा स्वतःकडे वळवतो. नव्या खात्यात सगळे पत्ते निदान सुरुवातीला तरी जागेवर असतात. अनोळखी माणसाला सल्ला देताना तो चुकला तर किती नुकसान होईल, हे आधी पाहायला हवं.

कळफलक
नुकसानाचंच बोलू. नवं खातं म्हणजे नवी सुरक्षा ओळख, विंडोज खात्याला देते तो लांब क्रमांक. क्रोम, एजसारख्या ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड विंडोज ज्या चाव्यांनी कुलूपबंद करते, त्या जुन्या खात्याशी बांधलेल्या असतात. ब्राउझरचं फोल्डर उचलून नव्या खात्यात ठेवलं तरी सिंक चालू नसेल तर ते पासवर्ड उघडत नाहीत. अ‍ॅपडेटा या लपलेल्या फोल्डरमधली प्रोग्रामची सेटिंग्ज, साठवलेले मेल, सह्या, टेम्प्लेट्स, यांचं काय? खातं पुसताना ‘फाइली डिलीट करा’ म्हटलं की तेही गेलं. हे नुकसान त्या दिवशी कळत नाही, जुना पासवर्ड लागतो तेव्हा कळतं.

अनडू नाही हे खरं. म्हणूनच बदलाआधी ती की एक्स्पोर्ट करून ठेवायची. बिघडलं तर त्या फाइलवर डबल क्लिक केलं की जुनी नोंद परत येते.

तळघर
दोघंही डॉक्युमेंट्सपाशी अडकला आहात. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स ही हलवण्यासाठीच केलेली फोल्डर आहेत, त्यांच्याबाबत कळफलक यांच्याशी पूर्ण सहमत. पण कोणी सी ड्राइव्हच्या युजर्समधलं स्वतःच्या नावाचं अख्खं फोल्डरच, म्हणजे प्रोफाइलच, कट करून डीवर पेस्ट केलं असेल तर? त्यात एनटीयुजर डॉट डॅट ही फाइल असते. करंट युजरची बहुतेक रजिस्ट्री तिच्यातच. तुम्ही साइन इन असताना ती कुलूपबंद असते, म्हणून बाकीचं हलतं आणि ती मागे राहते. प्रोफाइल अर्धं इकडे, अर्धं तिकडे. पुढच्या वेळी विंडोज तात्पुरतं प्रोफाइल देण्याची शक्यता असते, रिकामा डेस्कटॉप आणि ‘आम्ही तुमच्या खात्यात साइन इन करू शकत नाही’ असा संदेश. त्या अवस्थेत काही म्हणजे काही सेव्ह करू नका, साइन आउट होताच ते पुसलं जातं.

इथे युजर शेल फोल्डर्स बदलून उपयोग नाही. दुसऱ्या अ‍ॅडमिन खात्यातून आत जायचं, फोल्डर मूळ जागी परत न्यायचं आणि रजिस्ट्रीच्या लोकल मशीन भागातल्या प्रोफाइललिस्टमध्ये ‘प्रोफाइल इमेज पाथ’चा पत्ता तपासायचा. तिथे आपल्या सुरक्षा ओळखीच्या क्रमांकाची एक नोंद साधी आणि एक ‘डॉट बॅक’ने संपणारी अशी दिसली, तर पत्ता दोन्हींत पाहायचा. एवढं करूनही प्रोफाइल उघडत नसेल तर मीही नवं खातंच सांगेन.

जोडरस्ता
अख्खं प्रोफाइल डीवर ठेवणं चूकच, असं धरून का चालता? ज्यांचा सी छोटा आहे त्यांनी काय करायचं? अ‍ॅपडेटा दिवसेंदिवस फुगतो आणि त्याला लोकेशनचा टॅबच नसतो. दुसऱ्या खात्यातून रोबोकॉपी या विंडोजच्या कमांडने परवानग्यांसकट नक्कल करा आणि जुन्या जागी जंक्शन, म्हणजे दुसऱ्या जागेकडे वळवणारं फोल्डर, बनवा. प्रोग्रामला पत्ता जुनाच दिसतो, फाइली डीवर राहतात. कॉपी करताना जंक्शन वगळायचा पर्याय मात्र द्या. आत ‘अ‍ॅप्लिकेशन डेटा’ नावाचं जुन्या विंडोजसाठी ठेवलेलं जंक्शन असतं, ते स्वतःच्याच वरच्या फोल्डरकडे बोट दाखवतं आणि कॉपी गोल गोल फिरत राहते.

तळघर
आणि डी बाहेरचा ड्राइव्ह असेल, त्याचं अक्षर बदललं तर? तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर फाइलींच्या परवानग्याच टिकत नाहीत. सगळी प्रोफाइल दुसऱ्या ड्राइव्हवर वळवणाऱ्या ‘प्रोफाइल्स डिरेक्टरी’ या सेटिंगबद्दल तर मायक्रोसॉफ्टच्याच कागदपत्रांत लिहिलंय की पुढच्या आवृत्तीचं अपग्रेड अडेल. तुमचं जंक्शन ही वेगळी युक्ती आहे, मान्य. पण ती ज्याने स्वतः केली त्यालाच दुरुस्त करता येते. इतरांनी गेम, व्हिडिओ, फोटो असा जड माल हलवावा, अ‍ॅपडेटाला हात लावू नये.

नवीपाटी
पासवर्डचा मुद्दा मान्य. यापुढे नवं खातं सुचवताना जुनं लगेच पुसू नका, हेही सांगेन. पण वनड्राइव्हचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

कळफलक
ते आधीच लिहायला हवं होतं, हा क्रम घ्या. प्रथम वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये त्या फोल्डरचा बॅकअप थांबवा. मग डॉक्युमेंट्सचं रिकामं फोल्डर मूळ जागी आहे ना ते पाहा, नसेल तर बनवा. की एक्स्पोर्ट करा, ‘पर्सनल’मध्ये टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये युजरप्रोफाइल आणि पुढे डॉक्युमेंट्स असा पत्ता लिहा. त्याच यादीत महिरपी कंसातल्या लांबलचक क्रमांकाची एखादी नोंदही डीकडेच बोट दाखवत असेल, तर ती कुठल्या फोल्डरची आहे ते ओळखून बदला, डाउनलोड्सची नोंद अशीच क्रमांकाने असते. साइन आउट, साइन इन. आता फाइली हलवा. आणि डी ड्राइव्ह अजूनही डॉक्युमेंट्सच्या चिन्हाने दिसत असेल, तर त्याच्या मुळाशी डेस्कटॉप डॉट आयएनआय नावाची लपलेली फाइल राहिली असेल. फक्त डीच्या मुळाशी असलेली तेवढी एक काढा.