ताणावरचं झाड मेलेलं नसतं: ईस्टरच्या संदेशाबद्दल

नागपुरातल्या सदरचा रहिवासी
या ईस्टरला येशूच्या पुनरुत्थानाबद्दल बोलताना आमच्या पाळकसाहेबांनी संत्र्याच्या बागेचा दाखला दिला. बहार धरायला पाणी तोडतात, झाड ताणावर जातं, पानं गळतात, मग पाणी सोडलं की फुलांनी लगडतं. आपलं आयुष्यही तसंच, म्हणाले. मंडळीनं माना डोलावल्या. मला ते पटलं नाही. ताणावरचं झाड जिवंत असतं. शुक्रवारी वधस्तंभावरून उतरवलं ते येशूचं प्रेत होतं. अरिमथाईच्या योसेफानं तागाच्या कापडात गुंडाळून कबरेत ठेवलं, वर धोंड लावली. ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ, असं प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला पत्रात लिहितो. हे पत्र त्या घटनेनंतर वीस-पंचवीस वर्षांतलं. पाचशेहून जास्त बांधवांना तो एकाच वेळी दिसला, त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असंही त्यात आहे. दरवर्षी होणाऱ्या बहाराबद्दल असे साक्षीदार कुणी देतं का?

काटोलकडचा
भाऊ, त्याच अध्यायात पौल दाण्याचा दाखला देतो: पेरलेलं मेल्याशिवाय जिवंत होत नाही. मग संत्र्यानं काय बिघडलं? मे महिन्यात मृग बहारासाठी बाग ताणावर असली की माझे वडील रोज संध्याकाळी एक पान तोडून बोटांत मुरडून बघतात. ताण जास्त झाला तर झाड हातचं जातं. ती धाकधूक ज्यानं सोसली त्याला हा संदेश भिडतो. माझ्यापुरतं म्हणाल तर, पळून गेलेले शिष्य यरुशलेमात परत उभे राहिले, हेच पुनरुत्थान. देहाचं काय झालं, यावर मी अडून बसत नाही.

सदरचा रहिवासी
दाण्याचं मान्य, मी घाई केली. पण पौल तो दाखला कोणत्या प्रश्नावर देतो? मेलेले कोणत्या शरीरानं येतात, या प्रश्नावर. म्हणजे तिथंही शरीरच. आणि शिष्य परत उभे राहिले ते काय पाहून?

एक आई
पुनरुत्थानदिनी पहाटे आम्ही कब्रस्तानात जातो. यंदा मुलाच्या कबरीवरची मेणबत्ती वाऱ्यानं सारखी विझत होती, यांनी दोन्ही हातांचा आडोसा धरला. तिथं मला बहार नको असतो. माझा मुलगा मला भेटेल का, तेवढं सांगा. पण विजयाच्या आरोळ्याही सोसवत नाहीत. बायबलमधलं मार्काचं शुभवर्तमान सर्वांत जुन्या प्रतींत जिथं थांबतं, तिथं बायका कबरीपासून पळतात, भीतीनं कुणाला काही सांगत नाहीत. तेवढा भाग मी पुन्हा पुन्हा वाचते. त्यावर संदेश मी अजून ऐकला नाही.

काटोलकडचा
ताई, तुमच्यापुढं मी बागेचं बोलणार नाही. भाऊंना मात्र विचारतो. कबरीपाशी आलेल्या मग्दालिया मरियेनं उठलेल्या येशूला ओळखलं नाही, माळी समजली. नाव घेऊन हाक मारल्यावर ओळखलं. मग तो देह तोच कसा?

सदरचा रहिवासी
शंका घेणाऱ्या शिष्याला, थोमाला, हातांवर दाखवले ते व्रण त्याच खिळ्यांचे होते.